बिदागी आणि बक्षिसी

एकाच प्रकारच्या कामाच्या मोबदल्यास भाषेंत जेव्हां दोन निरनिराळे शब्द आढळतात, तेव्हां तो भेद कामाचा नसून माणसांचा असावा, अशी शंका घेण्यास जागा असते. कीर्तनकारास अथवा गवयास आपण देतों ती बिदागी. दारापुढें सनई-डफडें वाजविणाऱ्यास देतों ती बक्षिसी. बिदागी तबकांत नारळासह ठेवावयाची. बक्षिसी वरून हातावर टाकावयाची, अशी आपली जुनी रीत. दोघेही नादाचेच उपासक; मग हा भेद कोणत्या न्यायानें उत्पन्न झाला?

बुलढाणा जिल्ह्यांतील साखरखेर्डें या गांवास इतिहासांत स्थान आहे. १७२४ सालीं येथें निजाम-उल्-मुल्कानें मुबारिझखानाचा पराभव केला आणि विजयाच्या स्मरणार्थ गांवास फत्तेखेर्डा हें नांव दिलें. जेत्याचें नांव राहिलें, पराजिताचेंही राहिलें. परंतु त्या सैन्यांत रणवाद्यें वाजविणाऱ्या एकाचेंही नांव आमच्या वाचनांत आलेलें नाहीं. वऱ्हाडच्या गांवोगांव शांततेच्या काळींही हाच प्रकार चालत आला. लग्न असो, पोळा असो, देवाची मिरवणूक असो, वाद्यावांचून कांहींच शोभत नसे. आणि तें वाजविण्याचें काम रूढीनें बहुधा मातंग समाजाकडे असे. नाद तेवढा मांडवांत शुभ, आणि तो काढणारा मांडवाबाहेर! हवेंतून आलेल्या सुरास विटाळ लागत नव्हता, तो केवळ हातास लागत होता.

या व्यवस्थेच्या बाजूनें तीन गोष्टी सांगण्यांत येतात. पहिली अशी कीं, बलुत्यामुळें पोटाची हमी होती. त्रिंबक नारायण आत्रे यांनीं १९१५ च्या ‘गांवगाडा’ ग्रंथांत बलुतेदारीचें सविस्तर विवेचन केलें आहे. जेथें नाणें दुर्मिळ तेथें सुगीच्या धान्याचा आधार मोठाच, हें आम्हांस मान्य आहे. परंतु बलुतें सुतारासही मिळे व लोहारासही मिळे. त्यांस कोणी अंगणाबाहेर उभें करीत नसे. दुसरी गोष्ट, वाजविणारा कबूल होता, मग अन्याय कसला? नाहीं म्हटल्यास गांवाचा बहिष्कार पदरीं येईल हें ज्यास ठाऊक आहे, त्याच्या होकारास करार म्हणतां येत नाहीं. तिसरी गोष्ट सर्वांत गोंडस आहे : कला अमोल, तिचें मोल पैशांत कसें करावें? हें तत्त्व नामांकित गवयाची बैठक ठरवितांना कोणास आठवत नाहीं; गरीब वाजंत्र्याशीं घासाघीस करतांनाच नेमकें आठवतें. जें अमोल आहे, त्याबद्दल अधिक द्यावयाचें कीं कमी?

हा दोष आपल्याच देशाचा आहे, असें मात्र नव्हे. अमेरिकेंतील शिकागो शहरांत गोऱ्या व काळ्या वादकांचे संघ १९६६ पर्यंत निरनिराळे होते. दक्षिण आफ्रिकेंतील झुलू गायक सॉलोमन लिंडा यानें १९३९ सालीं ध्वनिमुद्रित केलेल्या ‘म्बुबे’ या गाण्याच्या चालीवर पुढें जगभर अमाप पैसा मिळविला गेला. त्याच्या हातीं हक्काच्या विक्रीपोटीं दहा शिलिंग आले. १९६२ सालीं तो दारिद्र्यांतच वारला, आणि वारसांस तडजोडीनें कांहीं न्याय मिळण्यास २००६ साल उजाडावें लागलें. तेथें वर्ण, येथें जात. युक्ति एकच : कला घ्यावी, कलावंत टाळावा.

सन्मानानें हा हिशेब फिटतो असेंही नाहीं. तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगांवकर याच मातंग समाजांत जन्मल्या. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा दोनदां गौरव झाला. तरी २००२ सालीं त्यांचें निधन झालें तेव्हां रुग्णालयाचें देणें लोकांच्या देणग्यांतून भागवावें लागलें. पदकानें मान मिळतो, पण म्हातारपणची भाकर मिळत नाहीं. हक्काची जागा कृपेनें घेतली म्हणजे असेंच व्हावयाचें.

राज्यघटनेनें १९५० सालीं अस्पृश्यता आणि वेठबिगार या दोहोंस मनाई केली. डॉ. आंबेडकरांच्या शिकवणीनें पुष्कळांनीं रूढीनें लादलेलीं कामें स्वतः होऊन टाकून दिलीं. त्यामुळें जुनें वाद्य बुडत चालल्याची हळहळ आपण सुशिक्षित लोक व्यक्त करतों. ती खरी असेलही. परंतु जी कला आपला मान गहाण टाकून जोपासावी लागते, ती सोडण्याचा अधिकार वाजविणाऱ्याचा आहे, ऐकणाऱ्याचा नव्हे. ती टिकावी असें ज्यांस वाटतें, त्यांनीं मोबदला आधीं ठरवावा, ठरेल तो पुरता द्यावा, आपल्याच पंगतींत पान मांडावें, आणि त्यानें नकार दिल्यास मनांत राग धरूं नये. रक्कम वाढविणें त्या मानानें सोपें आहे. आपण उपकार करीत नसून देणें फेडीत आहों, ही जाणीव ठेवून ती देणें अवघड आहे. आणि न्याय्य वेतनाचा सारा प्रश्न आमच्या मतें तेथेंच येऊन थांबतो.