कारभाऱ्याचा हिशेब

'कारभारी' हा शब्द आपणा ख्रिस्ती वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. शुभवर्तमानातील दृष्टान्तांत तो येतो तेव्हा त्याच्यामागे एक धनी उभा असतो. मळा धन्याचा, कोठार धन्याचे. कारभाऱ्याने ते सांभाळायचे आणि बोलावणे आले की हिशेब द्यायचा. निसर्गरक्षणाच्या चर्चेत माणसाला सृष्टीचा कारभारी म्हणण्याची रीत पडली आहे. पण येथे हिशेब कोणाला द्यायचा, हे सहसा कोणी विचारीत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर मात्र तो प्रश्न टाळता येत नाही.

ब्रिटिश कोलंबिया प्रांताचा हा किनारा म्हणजे खाड्या, बेटे आणि पावसाने ओथंबलेली अरण्ये. हायडा, हाइल्टसुक, किटासू अशा आदिवासी जमाती तेथे हजारो वर्षे नांदत आहेत. १९८१ साली हायडांनी आपल्या ओस पडलेल्या जुन्या गावांवर स्वतःचे राखणदार बसविले. पुढे इतर जमातींनीही तोच मार्ग धरला. किटासू आणि हाइल्टसुक यांच्या गावांत आता शाळकरी मुलेमुली उन्हाळ्याच्या सुट्टीत या कामाची पगारी उमेदवारी करतात. नदीत चढणारे सामन मासे मोजणे, होडीतून गस्त घालणे, अस्वलांचे केस गोळा करणे ही त्यांची कामे. केस गोळा करण्याची रीत मोठी सौम्य आहे. काटेरी तारेच्या रिंगणात वासाचे आमिष ठेवतात. अस्वल तारेखालून आत शिरते, चार केस तारेला अडकतात, आणि तेवढ्यावरून ते अस्वल कोणते, नर की मादी, हे प्रयोगशाळेत उमगते.

पगार घेऊन केलेली राखण हे कर्तव्य कसले, अशी शंका काही सज्जन घेतात. (ते स्वतः बहुधा दरमहा वेतन घेणारे असतात, हे जाता जाता नमूद करावे.) खरी बोचणारी शंका वेगळीच आहे. स्वतःच्याच किनाऱ्यावर या मुलांना उमेदवारी का करावी लागावी? आजोबांच्या होडीत बसून जे सहज यायचे, त्यासाठी योजना कशाला?

कारण ती साखळी तोडण्यात आली होती. एकोणिसाव्या शतकापासून १९९० च्या दशकापर्यंत आदिवासी मुलांना आईबापांपासून दूर नेऊन निवासी शाळांत ठेवले गेले. मातृभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा होई. शाळा शासनाच्या, चालविणारे चर्चचे लोक, आणि त्यांत कॅथलिकांचा वाटा सर्वांत मोठा. २५ जुलै २०२२ रोजी पोप फ्रान्सिस यांनी मास्क्वासिस येथे जाऊन क्षमायाचना केली. हे आपल्या नियतकालिकात लिहिताना लेखणी जड होते. तथापि ते वगळून या उमेदवारीचा अर्थ लागत नाही. बाहेरच्यांनी केलेला उपकार म्हणून तिच्याकडे पाहणे चूक होईल. जे हिरावले गेले ते या जमाती स्वतःच्या हातांनी परत मिळवीत आहेत.

ग्रिझली अस्वलांचेच पाहा. ही अस्वले आता बेटांवरही दिसू लागली आहेत, असे किटासूंच्या गावातील जाणती माणसे सांगत होती. शासनाच्या नकाशांत मात्र ती बेटे ग्रिझलींच्या क्षेत्रात धरलेलीच नव्हती. जमातीने विद्यापीठीय संशोधकांसह तपास केला आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाने गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरविले. विज्ञानाचा शिक्का बसला हे उत्तमच झाले. पण शिक्का बसण्यापूर्वी ते ज्ञान नव्हते, असे कोणत्या न्यायाने म्हणायचे?

आता धन्याकडे वळू. या प्रांताचा बहुतेक भूभाग कोणत्याही कराराने शासनाला दिलेला नाही. हायडा ग्वाई बेटांवर हायडांचाच हक्क असल्याचे प्रांतिक सरकारने मान्य केले, तेही २०२४ साली. समुद्राचा कारभार मात्र मत्स्यखात्याकडे. हेरिंग माशाची गाभोळी हाइल्टसुक लोक केल्प नावाच्या शेवाळावरून वा पाण्यात सोडलेल्या हेमलॉकच्या फांद्यांवरून उचलतात. मासा जिवंत राहतो, पुढच्या वर्षी पुन्हा येतो. व्यापारी मासेमारीत गाभोळीसाठी मासाच मारला जातो. मार्च २०१५ मध्ये खात्याने त्या मासेमारीस परवानगी दिली, तेव्हा हाइल्टसुकांनी बेला बेलाजवळच्या खात्याच्या कार्यालयात ठिय्या दिला आणि जाळ्यांची उरलेली मासेमारी थांबविली. कागदोपत्री हा कारभाऱ्यांचा उद्दामपणा. माझ्या मते मात्र हिशेब मागण्याचा अधिकार ज्या वडीलधाऱ्यांना आणि अजून न जन्मलेल्यांना आहे, त्यांच्यापुढे उभे राहण्याची ती एकमेव रीत होती.

यापुढचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण त्यात परका कोणी नाही. कातड्यांच्या व्यापारात नामशेष झालेली सागरी पाणमांजरे १९६९ ते १९७२ या काळात अलास्काहून आणून व्हँकुव्हर बेटाच्या किनाऱ्यावर सोडली गेली, एकूण ८९. आज ती उत्तरेपर्यंत पसरली आहेत. ती सी-अर्चिन खातात, त्यामुळे केल्पची वने पुन्हा वाढतात आणि हेरिंगला अंडी घालायला जागा मिळते. पण तीच पाणमांजरे तिसऱ्याही फस्त करतात. नातवाच्या वहीत पाणमांजरांचा आकडा वाढतो, आजीच्या टोपलीत तिसऱ्या कमी होतात. गावाजवळच्या शिंपल्यांच्या जागांवर पूर्वज पाणमांजरांना फिरकू देत नसत, असे उत्खनने आणि वृद्धांच्या आठवणी सांगतात. आज त्या प्राण्याला कायद्याचे संरक्षण आहे. त्या जागा पुन्हा राखून ठेवाव्यात काय, याचा निर्णय करायला बसतील तेव्हा नातवाची वही आणि आजीची आठवण दोन्ही समोर ठेवावी लागतील, आणि त्या बैठकीत आजीच्या शेजारी बसून नातवालाच ते आकडे वाचून दाखवावे लागतील.