पाकीट टपरीवाल्याचं, चित्र कोणासाठी?

चि. ओंकार,



तुझ्या निबंधाचा खर्डा वाचला. तंबाखूविरोधी कायद्यात आपण जगाच्या मागे आहोत, हे तुझं म्हणणं मला काही पटलं नाही. कागदावर आपण मुळीच मागे नाही. ‘कोटपा’ या आपल्या तंबाखू नियंत्रण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली १८ मे २००३ रोजी. जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार जिनिव्हात मंजूर झाला तो त्यानंतर तीन दिवसांनी. त्याच्याही आधी, २००१ मध्ये, मुंबईच्या मुरली देवरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, रेल्वे अशा ठिकाणचं धूम्रपान बंद करायला सांगितलं होतं.

करार म्हणतो, पाकिटाचा निम्मा भाग इशाऱ्याला द्यावा, ३० टक्क्यांहून कमी तर देऊच नये. आपल्याकडे एप्रिल २०१६ पासून ८५ टक्के भागावर सचित्र इशारा आहे.

आता कोपऱ्यावरच्या टपरीपाशी जरा उभा राहा. गिऱ्हाईक ‘एक दे’ म्हणतं. पानवाला पाकिटातून एक सिगारेट काढून देतो, दोरीला टांगलेला लायटर असतोच. ते भयंकर चित्र दिवसभर बघतो एकटा पानवाला! पोराच्या हाती येते नुसती पांढरी कांडी. आख्ख्या पाकिटाची किंमत ऐकून जो मागे फिरला असता, त्याचं सुट्या पैशांत भागतं. म्हणूनच कराराच्या १६ व्या कलमात सुट्या विक्रीवर बंदी आणण्याचा प्रयत्न देशांनी करावा असं म्हटलंय. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी विडी विकायला बंदी घातलीसुद्धा. टपऱ्यांवर ती कुठे दिसते, ते तूच सांग.

गुटख्याचंही तेच. राज्याराज्यांत बंदी आली, तशी पानमसाल्याची एक आणि तंबाखूची दुसरी अशी पुड्यांची जोडी निघाली. मिसळायचं काम गिऱ्हाइकाकडे! कारखानदारांचं डोकं कायदा करणाऱ्यांच्या एक पाऊल पुढेच चालतं.

आणि मिश्रीबद्दल तुझ्या खर्ड्यात एक ओळही नाही, हे मात्र खटकलं. गावाकडे अजून कितीतरी बायका तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजतात, कुटतात आणि सकाळी तिनेच दात घासतात. घरच्या डबीवर कुठलं आलंय चित्र! जिनिव्हातला करार तिथवर पोचतच नाही. गावातली आरोग्यसेविका, आशाताईच पोचली तर पोचेल.

तेव्हा ‘कायदे अपुरे’ हे प्रकरण आटोपतं घे आणि अंमलबजावणीवर सविस्तर लिही. सार्वजनिक ठिकाणी ओढल्यास कोटपात दंड आहे २०० रुपयांपर्यंत. तुझ्या शहरात तो कोण वसूल करतं आणि वर्षाला किती जमा होतो, हे माहितीच्या अधिकारात विचारून घे. टपरीवर निरीक्षणाला जाशील, तेव्हा चहा पी आणि परत ये.

तुझा,
भाऊआजोबा