धमकी आणि ‘सावध राहा’

एका लेखाबद्दल मला मोबाइलवर धमकी आली होती. ‘घर माहीत आहे’, एवढेच तीन शब्द. मित्र म्हणाला, ‘अरे, स्क्रीनवरचे शब्द आहेत, डिलीट कर आणि झोप.’ झोप आली नाही. समोरचा माणूस दमदाटी करतो तेव्हा आपण त्याचे डोळे बघतो, तो कुणाचा कोण हे बघतो आणि त्या बोलण्याचे वजन ठरवतो. इथे चेहराच नव्हता. धमकी खरी होण्याची गरजच पडत नाही. ती पोहोचली की तिचे अर्धे काम झालेले असते.

तरीही तिला मी सर्वांत गंभीर म्हणणार नाही.

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातील राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश त्या दिवसांत हातोहात पुढे जात होते. त्या पाचांना कुणी मोबाइलवरून धमकी दिली नव्हती. संदेश पाठवणाऱ्यांत कुणाची आई असेल, कुणी मास्तर असतील. शेवटी ‘सावध राहा’ असे प्रेमाने लिहिणारे. अर्थात, भटक्या माणसाविषयीचा संशय गावात आधीच नसता तर नुसत्या संदेशाने काठी उचलली गेली नसती, हेही खरे. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी ५ ठिकाणीच पुढे पाठवण्याची मर्यादा जाहीर केली. हेतू तपासता येत नाही, म्हणून बोटाला लगाम!

आता दुसरे टोक पाहा. जुलै २०२१ मध्ये ‘सुल्ली डील्स’ आणि जानेवारी २०२२ मध्ये ‘बुल्ली बाई’ या ॲपवर मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’ला मांडली गेली. पत्रकार होत्या, वकील होत्या. खरी विक्री नव्हती. ‘गंमत होती’ म्हणायला जागा होती. पकडलेल्यांत १८ आणि २१ वर्षांची मुले निघाली. पण हेतू मात्र उघड होता, या बायकांनी बोलू नये. काहींनी खाती बंद केलीही.

हेतूने मोजले तर लिलाव मांडणारा मोठा गुन्हेगार ठरतो, परिणामाने मोजले तर ‘सावध राहा’ म्हणणारी ती आई. कायदा बहुधा पहिल्या तराजूने मोजतो, आणि ते योग्यच आहे; नाहीतर निम्मा देश तुरुंगात जाईल. पण माझे मन दुसरीकडे झुकते. धमकी ज्याला येते त्याला ती निदान कळते. मी कागदावर छापून ती ठाण्यात नेली, तक्रार लिहून दिली. ज्याच्याविषयी अफवा फिरते त्याला मात्र आपल्यावर आरोप आहे, हेच ठाऊक नसते. उत्तर देण्याची वेळ येते तेव्हा दार बाहेरून बंद असते.

त्या वर्षी मे महिन्यात तसला एक संदेश मीही मुलीच्या शाळेच्या पालकांच्या गटावर टाकला होता. राईनपाड्याची बातमी वाचल्यावर शोधून पुसला. तो माझ्याच मोबाइलमधून पुसला गेला.