पक्षाभिमान आणि न्यायबुद्धि

भोजनाच्या वेळीं घरांत कांहीं तात्त्विक चर्चा व्हावी, अशी आमची फार दिवसांची इच्छा होती. ती २०१९ च्या उन्हाळ्यांत सफल झाली, पण अगदींच अनपेक्षित मार्गानें. आमचे चिरंजीव लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल संघाचे कट्टे अभिमानी. आणि शिक्षणासाठीं आमच्याकडे राहावयास आलेला पुतण्या मँचेस्टर सिटीचा. दोघांपैकीं एकानेंहि इंग्लंडचा किनारा पाहिलेला नाहीं. तथापि दूरचित्रवाणीच्या कृपेनें पुण्यांतल्या आमच्या लहानशा घरांत दोन तट पडले, आणि सौभाग्यवती पुतण्याच्या तटांत सामील झाल्या; कारण एवढेंच कीं, तो पाहुणा होता.

त्या वर्षींची शर्यत खरोखरच विलक्षण होती. अडतीस सामन्यांअखेर सिटीचे ९८ गुण झाले आणि लिव्हरपूलचे ९७. सिटीनें शेवटचे चौदा सामने ओळीनें जिंकले. लिव्हरपूलचा संघ त्या लीगमध्यें एकच सामना हरला, आणि तोहि सिटीशींच, ३ जानेवारी २०१९ रोजीं, २-१ असा. त्या सामन्यांत जॉन स्टोन्सनें रेषेवरून परतविलेला चेंडू पुरता आंत जावयास सुमारें अकरा मिलिमीटर कमी पडले. करंगळीच्या नखाएवढ्या त्या अंतरावर आमच्या घरीं किती रात्री खर्ची पडल्या, तें न सांगणें बरें.

सिटीला विजेतेपद मिळालें त्या आठवड्यांत चिरंजीवांनीं कागद-पेन्सिल घेऊन एक हिशेब मांडला. सिटीचे ३२ विजय, २ बरोबऱ्या व ४ पराभव. लिव्हरपूलचे ३० विजय, ७ बरोबऱ्या व १ पराभव. चार वेळां हरणारा संघ एकदांच हरणाऱ्याहून श्रेष्ठ कसा? १९८१ पर्यंत इंग्लंडांत विजयास तीन नव्हे, दोनच गुण मिळत. त्या नियमानें मोजल्यास लिव्हरपूलचे ६७ व सिटीचे ६६ होतात. हिशेब बिनचूक होता. पुतण्यानें तो शांतपणें ऐकून घेतला आणि विचारलें, "दादा, हिशेब उलट निघाला असता, तर तुला हा जुना नियम आठवला असता का?"

चिरंजीव निरुत्तर झाले. परंतु तर्कशास्त्र शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलेलें असल्यामुळें आम्हांला मध्यें पडणें भाग होतें. आम्हीं सांगितलें कीं, हें खंडन नव्हे. युक्तिवाद करणाराचा हेतु पक्षपाताचा असला म्हणून युक्तिवाद खोटा ठरत नाहीं. कर्जदारानें केलेली बेरीज बरोबर असूं शकते. खरा दोष निराळाच आहे. विजयाला तीन गुण आहेत हें दोन्ही संघांना ठाऊक होतें, आणि त्या जाणिवेनेंच ते खेळले. बरोबरीवर समाधान मानावयाचें कीं विजयासाठीं धोका पत्करावयाचा, हें त्या नियमावर अवलंबून असतें. नियम दुसरा असता तर खेळहि दुसरा झाला असता. हें उत्तर दिल्यावर आम्हांला थोडें समाधान वाटलें, हें कबूल करतों.

व्यक्तींविषयींचा वाद याहून अवघड होता. एप्रिलच्या अखेरीस इंग्लंडमधील व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेनें वर्षांतील श्रेष्ठ खेळाडू म्हणून लिव्हरपूलच्या व्हर्जिल व्हॅन डाइकची निवड केली, तर फुटबॉलवर लिहिणाऱ्या पत्रकारांच्या संघटनेनें सिटीच्या रहीम स्टर्लिंगची. दोन्ही मंडळ्या जाणत्या, तरीहि निर्णय भिन्न. एक बचाव करणारा, दुसरा चढाई करणारा. ज्याचें मोठेपण न झालेल्या गोलांत आहे, त्याला ज्याचें मोठेपण झालेल्या गोलांत आहे त्याच्याशीं कोणत्या तराजूंत तोलावें? 'अधिक श्रेष्ठ कोण' या प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतेंच असें नाहीं, असें आम्हीं सुचविलें. तेव्हां दोन्ही पक्षांची त्या दिवसांतली पहिली एकवाक्यता झाली, आणि ती आमच्याविरुद्ध.

हाच स्टर्लिंग २०१५ पर्यंत लिव्हरपूलचा होता. तो सिटीकडे गेला आणि ज्या मैदानावर त्याचें कौतुक होत असे, त्याच मैदानावर त्याची हुर्यो होऊं लागली. पाय तेच, चापल्य तेंच. याचें कारण विचारतां चिरंजीव म्हणाले, "तो आम्हांला सोडून गेला." उत्तर प्रामाणिक होतें. त्यांत खेळाच्या गुणावगुणांविषयीं एक अक्षरहि नव्हतें. होती ती नात्याची भाषा. आणि नातें गुण पाहून जडत नाहीं, यांत निंद्य असें कांहीं आम्हांस दिसत नाहीं. आपली आई जगांतील सर्वांत सुगरण आहे असें म्हणणाऱ्या मुलाला कोणी स्वयंपाकाच्या स्पर्धेचे आंकडे मागत नाहीं. अडचण उत्पन्न होते ती हें मूल परीक्षकाच्या खुर्चीवर जाऊन बसतें तेव्हां.

ह्यूमनें १७५७ मध्यें अभिरुचीवर जो निबंध लिहिला, त्यांत खऱ्या परीक्षकाच्या ठिकाणीं दोन गोष्टी इतर गुणांबरोबर मागितल्या आहेत: दीर्घ अभ्यास आणि पूर्वग्रहाचा अभाव. पण या दोहोंची गांठ पडावी कशी? चिरंजीवांनीं सिटीचे ते चौदाहि सामने, सिटी हरावी असा धांवा करीत, रात्री जागून पाहिले. त्यामुळें सिटीचा खेळ कोठें गुंफला जातो व कोठें उसवतो हें त्याला जितकें ठाऊक आहे, तितकें निःपक्षपाती अशा आम्हांला नाहीं. आम्ही पहिल्या अर्ध्या तासांतच डुलक्या घेऊं लागलों होतों. त्याचा अभ्यास त्याच्या पूर्वग्रहाचेंच अपत्य आहे.

येथवर हा सारा विनोदाचा विषय होता. परंतु पुतण्याचा तो प्रश्न त्या रात्रीं आमच्या मनांतून जाईना. सुमारें वीस वर्षांपूर्वीं एका शिष्यवृत्तीसाठीं दोन विद्यार्थ्यांतून एकाची निवड करण्याचें काम आमच्याकडे आलें होतें. त्यांतील एक दोन वर्षें आमच्या वर्गांत पहिल्या बांकावर बसलेला. दुसरा परगांवचा, केवळ कागदावरून परिचित. गुण जवळजवळ सारखे. आम्हीं आपल्या विद्यार्थ्याची निवड केली, आणि विवेचनाची प्रौढता, भाषेची शुद्धता अशीं पानभर कारणें लिहून दिलीं. त्यांतील एकहि कारण खोटें नव्हतें. पण तीं कारणें दुसऱ्याच्या निबंधांत आहेत कीं नाहींत, हें आम्हीं शोधलें होतें काय? तो निबंध आम्हीं एकदां वाचला होता. आपल्या विद्यार्थ्याचा तीनदां. चिरंजीवांनीं प्रतिस्पर्ध्याला निदान वैराच्या जागरूकतेनें तरी न्याहाळलें होतें. आमच्या मनांत त्या परगांवच्या मुलाविषयीं वैर नव्हतें, आणि म्हणूनच त्याच्याकडे आमची दृष्टि फिरकलीच नाहीं. 'हिशेब उलट निघाला असता तर?' हें युक्तिवादाचें खंडन नव्हे, असें भोजनाच्या वेळीं आम्हीं ठासून सांगितलें होतें. तें अजूनहि खरें मानतों. परंतु निवाडा देणाराला तोच प्रश्न विचारला म्हणजे काय होतें, हें त्या वेळीं आमच्या ध्यानांत आलें नव्हतें. तो निबंध आतां आमच्याजवळ नाहीं, आणि त्या मुलाचें पुढें काय झालें याची चौकशी आम्हीं कधीं केली नाहीं.

पुढच्या वर्षीं लिव्हरपूलनें तीस वर्षांनंतर विजेतेपद मिळविलें. २ जुलै २०२० रोजीं त्यांचा संघ सिटीच्या मैदानावर आला, तेव्हां रिवाजाप्रमाणें सिटीचे खेळाडू दुतर्फा उभे राहिले व त्यांनीं टाळ्या वाजवून विजेत्यांस मान दिला; मग तो सामना सिटीनें ४-० असा जिंकला. महामारीमुळें पुतण्या त्या वेळीं आपल्या गांवीं होता. दुसऱ्या दिवशीं त्याचा दूरध्वनि आला, तेव्हां त्या दोघांत समेट झाला असेल अशा आशेनें आम्ही जवळ जाऊन बसलों. सिटीच्या बर्नार्डो सिल्व्हानें त्या रांगेंत टाळी वाजविली कीं नुसता उभा होता, यावर पाऊण तास वाद चालला होता.