भाव केळीचा, मोल पाण्याचं

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात अवधूत आणि यदुराजाचा संवाद आपण भक्तिभावाने ऐकतो. भागवताच्या एकादश स्कंधातला हा संवाद. नाथांचं एकनाथी भागवत याच स्कंधावर आहे. अवधूताच्या चोवीस गुरूंपैकी मधमाशीपाशी माझं मन दरवर्षी थांबतं. ती फुलाफुलातून थोडं थोडं घेते, फुलाला इजा करत नाही, हा घेण्यासारखा गुण. पण तीच साठा करते आणि त्या साठ्यापायीच नाश पावते, हा टाळायचा दोष. गुरू एक, धडे दोन.

मी यावल-रावेरकडच्या केळी लावणाऱ्या घरातला. आमच्याकडे सकाळी पहिला प्रश्न, "आज भाव काय निघाला?" यात गैर काही नाही. पोरांचं शिक्षण, दवाखाना, सोसायटीचं कर्ज, सगळं पैशानेच निभतं. संसारी माणसाला पैसा तुच्छ म्हणून सांगणं हे ढोंग होईल. प्रश्न निराळा आहे. ज्याला भाव नाही, ते फुकट समजायचं का?

सातपुड्याच्या पायथ्याला दगडगोट्यांचा बझाडा पट्टा आहे. पावसाचं पाणी तिथे मुरतं आणि आमच्या विहिरींना येतं. पण आता मुरतं त्याहून उपसा जास्त. बोअर खोल खोल चालले आहेत. केळीच्या हिशेबात आपण खत, मजुरी, वीज सगळं धरतो. जमिनीखालून काढलेलं पाणी तेवढं धरत नाही. ज्याच्याकडे पैसा, तो आणखी खोल जातो, आणि शेजारच्या दोन एकरवाल्याची उथळ विहीर कोरडी पडते. एकाच्या वहीत जमा दिसते, ती दुसऱ्याच्या विहिरीतून आलेली असते. आणि नातवंडांच्या नावावर तर आपण त्यांची सही न घेताच कर्ज काढतो आहोत.

"मी एकट्याने पाणी वाचवून काय होणार? मी सोडलं तर शेजारी उपसेल," असं कोणी म्हणेल. खरं आहे ते. याचं उत्तर मला धुळे जिल्ह्यात, पांझरेच्या काठी सापडतं. तिथली फड पद्धत काही शतकं जुनी. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाखाली शेताचे मोठे भाग, म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि फडांची पिकं आळीपाळीने बदलायची. कुठल्या फडात ऊस, कुठे ज्वारी-गहू, हे गावकरी मिळून ठरवत. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत असे, त्यामुळे उसाचा लाभ एकट्याचा नसे. पाणी कमी असलं की भिजवायचं क्षेत्र कमी करत. टंचाईही सगळ्यांत वाटली जाई. पाणी द्यायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि पाटातला गाळ काढायला सगळं गाव.

पुढे धरणं आली, विहिरी-पंप वाढले आणि पुष्कळ ठिकाणी ही घडी विस्कटली. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. पण एक गोष्ट तिथे पक्की कळते. तिथला शेतकरी आपल्यापेक्षा मोठा संत नव्हता. त्याचा संयम त्याच्या एकट्याच्या मनावर सोडलेला नव्हता. तो गावाचा नियम होता. मधमाशीचा पहिला धडा एकट्याने गिरवणं अवघड. गावाने मिळून गिरवला की तो रोजचा व्यवहार होतो.

दत्तमहाराजांच्या खांद्यावर झोळी आहे, कोठार नाही. झोळीत येतं ते भुकेपुरतं, आणि घरोघरचं. आपल्याला झोळी पेलणार नाही, कोठार लागणारच. पण ते कोणाच्या घरातून भरलं, एवढं तरी विचारावं.

म्हणून दत्तभक्तहो, एक सुचवतो. गावात केळीचा भाव रोज सगळ्यांना कळतो. त्याच ठिकाणी फळ्यावर गावच्या एका विहिरीची पाणीपातळीही दर महिन्याला लिहू या. भाव चढला आणि पाणी उतरलं, हे शेजारी शेजारी दिसलं की नफा कशाला म्हणायचं, याचा विचार ग्रामसभेत आपोआप सुरू होईल. पारायणानंतरची तीही एक सेवाच आहे.

अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त!