ओल टिकली पाहिजे

‘खाण तशी माती’ असे म्हणून आपण किती माणसांचा निकाल लावून मोकळे होतो! आणि हे म्हणताना आपण बहुधा दुसऱ्याच्या मुलाविषयी बोलत असतो. माणूस मुळाने घडतो की संगतीने, हा वाद जुनाच आहे. त्याविषयी विचार करायला लावणारी एक हकीकत प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत घडली आहे.

१९७६ साली ग्रीन आणि टिशलर या शास्त्रज्ञांनी उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीतील एका गाठीपासून पेशींचा एक वाण तयार केला. पीसी-१२ हे त्याचे नाव. कूळ अर्बुदाचे; बेसुमार वाढत सुटणे हाच त्या पेशींचा धर्म. परंतु मज्जातंतूंची वाढ करणारे एक प्रथिन त्यांना मिळत राहिले, की त्यांचे विभाजन थांबते, अंगातून बारीक तंतू फुटतात आणि त्या मज्जापेशींसारख्या दिसू-वागू लागतात. या प्रथिनाचा छडा रीटा लेव्ही-माँताल्चिनी आणि स्टॅन्ली कोएन यांनी १९५० नंतरच्या दशकात लावला. १९८६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

खरी मौज पुढेच आहे. त्याच पेशींना त्वचेच्या पेशी वाढवणारा दुसरा घटक दिला, तर त्या नुसत्या संख्येने वाढतात. वास्तविक दोन्ही घटकांचा निरोप पेशीच्या आत पुष्कळसा एकाच वाटेने जातो. मोठा फरक मुदतीचा! या दुसऱ्याचा निरोप लवकर ओसरतो, पहिल्याचा तासन्‌तास चालू राहतो. आणि ते पहिले प्रथिन काढून घेतले, की फुटलेले तंतू झडतात. पेशी पुन्हा जुन्या वाटेला लागतात.

पेशीला नीती नसते आणि माणूस काही बशीत वाढत नाही, हे मला मान्य आहे. शिवाय कोणतीही पेशी या प्रथिनाने बदलत नाही. निरोप ऐकण्याची सोय तिच्या अंगी आधीच असावी लागते. तेव्हा मूळ खोटे नव्हे. पण त्या मुळात काय काय दडले आहे, हे आधीच ठरवणारे आपण कोण?

शेवटच्या बाकावरच्या मुलाला आपण एकदा शाबासकी देतो, आठ दिवस वाट पाहतो आणि म्हणतो, “सांगून पाहिले, उपयोग नाही.” शब्द चांगलाच होता, पण तो टिकला किती? वळवाच्या एका सरीने माती भिजते, पीक उभे राहत नाही. त्याहून वाईट म्हणजे, कोंब फुटल्यावर पाणी तोडणे आणि मग दोष बियाण्याला देणे.

मातीला नावे ठेवण्यापूर्वी आपण तिला किती दिवस पाणी घातले, एवढे तरी ज्याने त्याने मोजावे.