भूक लागल्याचं सांगणारं खेळणं

चौथीत असताना गावच्या जत्रेतून मी अंड्याच्या आकाराचं एक किचेन आणलं होतं. करड्या पडद्यावर ठिपक्यांचं पिल्लू आणि खाली तीन बटणं. त्याला भरवायचं, त्याची घाण काढायची, झोपलं की दिवा मालवायचा. शाळेत जाताना मी ते आजीकडे सोपवायचे. संध्याकाळी ती हिशेब द्यायची, "दोनदा जेवलं बरं का तुझं बाळ." एक दिवस ती दवाखान्यात अडकली आणि मी घरी येईतो पिल्लू मेलं होतं. मी रडले. बाबा हसले, आजी हसली नाही.

माझी अर्थात नक्कल होती. अस्सल तामागोची जपानच्या बांदाई कंपनीने नोव्हेंबर १९९६मध्ये बाजारात आणली. 'तामागो' म्हणजे अंडं, त्याला 'वॉच' जोडून हे नाव झालं. सुरुवातीच्या तामागोचीला थांबवून ठेवायची सोय नव्हती. घरी ठेवली तर मरेल म्हणून मुलं ती वर्गात नेऊ लागली आणि अनेक शाळांनी बंदी घातली. मेल्यावर जपानी आवृत्तीत भूत आणि थडगं दिसे, अमेरिकेत देवदूत. १९९७ साली अकिहिरो योकोई आणि अकी माइता या निर्मात्यांना अर्थशास्त्राचं 'इग् नोबेल' मिळालं, माणसांचे लाखो कामाचे तास आभासी प्राण्यांच्या संगोपनाकडे वळवल्याबद्दल.

ज्याला भूक लागतच नाही, त्याने भूक लागल्याचं सांगणं ही फसवणूक आहे का? मला तसं वाटत नाही. ते ठिपके आहेत हे मला ठाऊक होतं, आजीलाही. भातुकलीत आपण बाहुलीचं लग्न लावतोच. माया करणाऱ्याची असते. समोरच्याला ती कळलीच पाहिजे असं नाही.

पण म्हणूनच तिचा गैरफायदा घेता येतो. मी ज्या ॲपवर काम करते, ते सात दिवस उघडलं नाही तर 'तुमची आठवण येतेय' असा निरोप जातो. ती ओळ माझी आहे. मग फरक काय? खेळण्याचे पैसे एकदाच घेतले होते. पिल्लाच्या प्रत्येक घासामागे विकणाऱ्याच्या गल्ल्यात काही पडत नव्हतं. आणि ते मरायचं. दुर्लक्षाचा शेवट दुःखाचा असे, पण शेवट असे. माझा निरोप मात्र दर आठवड्याला पुन्हा जातो, आणि परत आलेला प्रत्येक माणूस आमच्या आकड्यांत जमा होतो.

गेल्या महिन्यात मी कोडमध्ये एक अट घातली : तीन निरोपांनंतरही माणूस आला नाही, तर चौथा जाऊ नये. रिव्ह्यूमध्ये विचारणा झाली, "आकडे पडतील. कारण?" मी लिहिलं, "उत्तर दिलं नाही, हेच त्यांचं उत्तर आहे."

मंजुरी अजून आलेली नाही.